पट्टीच्या कडेला सुमन

मंगळवारी सकाळी माझी बायको सुमन फाटक लावायला गेली आणि तिथेच खाली बसली. शेजारच्यांनी गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी तिचा हात धरला, खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. दुपारी तिला घरी आणलं. संध्याकाळी नेलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या सिंदी मेघेच्या घरी माणसं येऊ लागली. त्यात नातेवाईक थोडे होते. बाकीची मी कधी पाहिलेली नव्हती. अल्लीपूरकडची, सेलूकडची, एसटीने येणारी, कुणाच्या तरी टेम्पोत बसून येणारी. बायका सतरंजीवर बसत, पदर तोंडाला लावत आणि मग सुमनची एकेक गोष्ट सांगत. कुणाच्या मुलीच्या बाळंतपणात ती उशाशी बसली होती. कुणाच्या सासूला तिने घरी जाऊन खडसावलं होतं. एकीच्या शेतात ती दर हिवाळ्यात हुरडा खायला जायची म्हणे. मला ती सांगायची, आज कामावर उशीर झाला.

मी खुर्चीत बसून ऐकत होतो. दोनचार दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की दुःखाच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं आहे. मला या लोकांचा मत्सर वाटत होता. माझ्याकडे नसलेली सुमन त्यांच्याकडे होती आणि ते ती माझ्याच घरात बसून मला दाखवत होते.

या अंकासाठी संपादकांनी माझ्या कामाबद्दल लिहायला सांगितलं आहे. काम लिहायला बसलो की सुमन मधे येते. तिला बाजूला काढून हे काम सांगता येत नाही. का, ते पुढे कळेल.

मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो. आमच्या भागात सिकलसेलचा आजार पुष्कळ. या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि सांधे असे दुखतात की मोठी माणसं ओरडतात. तो आजार कुणाला आहे, कुणाला नाही आणि कुणात नुसता लपून आहे, हे शोधायचं माझं काम.

ते विजेच्या ओढीवर चालायचं. रक्ताला लाल रंग देणारं हिमोग्लोबिन एका खास क्षारयुक्त पाण्यात ठेवलं, की त्याच्या कणांवर ऋण प्रभार येतो. दोन टोकांना तारा जोडून विजेचं क्षेत्र तयार केलं, की ऋण प्रभाराचे हे कण धन टोकाकडे ओढले जातात. प्रभार जास्त, तर ओढ जास्त. भोवतालचं पाणी त्यांना मागे धरतं. ओढ आणि अडवणूक यांचा तोल जमला, की कण एका ठरावीक चालीने चालू लागतो. सिकलसेलच्या हिमोग्लोबिनमध्ये साखळीतला एक दुवा बदललेला असतो. त्या एका बदलाने त्याचा ऋण प्रभार थोडा कमी पडतो आणि शर्यतीत ते मागे राहतं. आमचं सगळं निदान या मागे राहण्यावर उभं होतं.

पांढऱ्या कागदासारखी दिसणारी एक पट्टी असते. ती त्या पाण्यात भिजवायची, टिपकागदाने टिपायची, एका टोकाशी रक्ताचे नमुने ओळीने लावायचे आणि पेटीत ठेवून झाकण बंद करून वीज सोडायची. पाऊण तासाने पट्टी काढून लाल रंगात बुडवायची आणि धुवायची. मग रेषा दिसतात. प्रत्येक माणसात आईकडून एक वाटा येतो, बापाकडून एक. दोन्ही वाटे चांगले असतील तर एकच रेषा, पुढे. दोन्ही सिकलचे असतील तर ठळक रेषा मागे. आणि एक पुढे, एक मागे असेल तर तो माणूस वाहक. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो. फक्त त्याने दुसऱ्या वाहकाशी लग्न करताना विचार करावा, कारण दोघांच्याही मागच्या रेषा एकाच लेकरात आल्या तर ते लेकरू आजारी होतं.

तारा उलट्या जोडल्या तर नमुने पट्टीवर पुढे जायच्या ऐवजी मागे, पाण्यात निघून जातात. नवीन मुलं ही चूक एकदा तरी करतातच. आणि मधेच वीज गेली तर कण थांबतात, पण जागेवर राहत नाहीत. हळूहळू चहूकडे पसरतात. रेषेचा डाग होतो. पूर्वी आमच्याकडे लाइट फार जायची. तसले डाग मी पुष्कळ पाहिले आहेत. हल्ली सकाळी चहा झाल्यावर काय करायचं ते न सुचून मी घरभर फिरतो, तेव्हा ते आठवतात.

आता सुमन. रेषा पुढे आहे की मागे, हे कशाच्या मानाने ठरवायचं? विजेचा दाब कमीजास्त होतो, पाणी जुनं होतं, उन्हाळ्यात चाल वेगळी असते. म्हणून प्रत्येक पट्टीच्या कडेला आधीच माहीत असलेल्या वाहकाचं रक्त लावायचं. त्याच्या दोन रेषा म्हणजे आमच्या मोजपट्टीच्या दोन खुणा. त्याला आम्ही कंट्रोल म्हणत असू. तयार कंट्रोल तेव्हा मिळत नसत. मी वॉर्डात जाऊन कुणातरी वाहकाची विनवणी करायचो.

सुमन आमच्याकडे समुपदेशक म्हणून लागली. अल्लीपूरची, शेतकऱ्याच्या घरची. नव्या कर्मचाऱ्यांची तपासणी होई, तीत ती वाहक निघाली. दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेच्या दारात आली, चपला बाहेर काढल्या आणि बाही वर सारली.

"कोण्या लेकराच्या बापाले दरवेळी टोचता, भाऊ? माहं घ्या ना."

मी घेतलं. पुढच्या वेळीही तिचंच घेतलं. तिच्या घरी कोण कोण आहे हे कळायच्या आधी मला तिच्या रेषा पाठ झाल्या होत्या. काही महिन्यांनी मी माझी स्वतःची पट्टी काढून तिच्यासमोर ठेवली. एकच रेषा, पुढे. आम्हा दोघांचं लेकरू वाहक होऊ शकेल, आजारी होणार नाही, एवढं त्यातून सिद्ध होत होतं. मला यापेक्षा वेगळ्या तऱ्हेने विचारता आलं नाही. ती बराच वेळ पट्टीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "एवढंच सांगाले एवढी लाइट जाळली?" त्यानंतर तिने भाऊ म्हणायचं सोडलं.

तेव्हापासून प्रत्येक पट्टीच्या कडेला सुमन असे. तिचं रक्त काढायचं काम मी दुसऱ्या कुणाला कधी दिलं नाही. कुणी सिरिंज उचलली तर मी काहीतरी निमित्त काढून ती त्याच्या हातातून घेई. सगळ्यांना कळत असावं.

मला वाटायचं, त्या रेषा माझ्या आहेत. तसं नव्हतं. सुमनची समजवायची एक रीत होती. वाहक निघालेलं माणूस घाबरलेलं असे, घरचे त्याहून जास्त. सुमन त्यांना घेऊन माझ्या टेबलाशी येई, पट्टी उजेडात धरी आणि कडेवर बोट ठेवी. "हे पाहा. हे मी. दोन रेघा. आता माह्याकडे पाहा. काही झालं काय मले?" घाबरलेला माणूस आधी पट्टीकडे पाही, मग तिच्याकडे, आणि त्याचे खांदे खाली येत. मी तिथेच मान खाली घालून चिमटे धूत असे.

सेलूचे एक कापड दुकानदार होते. मुलाचं लग्न ठरत होतं आणि मुलगा वाहक निघाला. ते गृहस्थ पट्टीवर वाकले. "हे मांगची रेघ माह्या पोराची?"

मी हो म्हटलं.

"मंग असं करा ना साहेब, करंट जरा बढवा. मांगचीलेबी पोचवून द्या."

"करंट वाढवला तर पुढचीही आणखी पुढे जाईल," मी म्हणालो. "अंतर वाढेलच."

"मंग पुढचीले पकडून ठेवा ना थोडी!"

सुमन हसू दाबत पुढे झाली. "भाऊ, दुकानात कापड मोजता तुम्ही. गिऱ्हाइकाले कमी पडलं म्हणून मीटर वढून लांब करता काय?"

"तसं करत नाई," ते म्हणाले. मग हळूच, "जास्त करत नाई."

मग तिने त्यांना कडेची सुमन दाखवली. ते गृहस्थ शांत होऊन गेले. मला त्यांनी तिच्या रेषांवर इतका वेळ वाकून राहणं आवडलं नाही. आता सुमन गेल्यावर तेच गृहस्थ मुलाच्या खांद्याला धरून आमच्याकडे आले. मुलाला दोन मुली आहेत, दोघी ठणठणीत. ते पुष्कळ रडले. डोळे पुसून मला म्हणाले, "मॅडम होत्या म्हणून. तुम्हीबी तिथीच होते काय नोकरीले?"

मी हो म्हटलं.

पण माझा खरा मत्सर रूपालीवर होता.

रूपाली अल्लीपूरजवळच्या एका खेड्यातली. लहानपणी आईबरोबर आली तेव्हा तिच्या पट्टीवर दोन रेषा आल्या, पुढे एक, मागे एक. मी वाहक असं लिहून टाकलं. थोड्या वेळाने सुमन दारात आली.

"अहो, त्या अल्लीपूरच्या पोट्टीचा कागद थांबवा."

"का? रेषा स्पष्ट आहेत."

"वाहक पोट्टी रातभर हातपाय दुखून रडते काय?"

"रेषा खोटं बोलत नाहीत, सुमन."

"रेघ खरीच हाय. पण पोट्टीची हाय काय? तिची माय आता संत्र सोलता सोलता सांगून राह्यली, मागच्या महिन्यात तिले दुसरीकडं रक्त चढवलं. पुढची रेघ त्या रक्त देणाऱ्याची असन."

चिठ्ठीवर रक्त चढवल्याची नोंद करायची जागा कोरी होती. विजेचं क्षेत्र कणाला ओढतं ते त्याच्या प्रभारावरून. हा कण मूळचा या घरचा की पाहुणा, हे त्याला कळत नाही. संत्र्याची साल पडलेल्या बाकावर बसून सुमनला ते कळलं. काही महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा चढवलेलं रक्त संपून गेलं होतं आणि रूपालीची ठळक रेषा मागेच होती. तिला आजार होता. वेळेवर औषध सुरू झालं.

त्या दिवसापासून रूपाली सुमनची झाली. शाळेत, कॉलेजात, आजारपणात. तिचे फोन येत. सुमन फोन घेऊन मागच्या अंगणात जाई आणि तासभर बोले. मी आत पुस्तक वाचत असे, म्हणजे पान उघडं ठेवून तिचं हसणं ऐकत असे. माझ्याशी ती इतकं बोलत नसे. तिचीही चूक नाही. मी उत्तरं फार तोकडी देतो.

तेरवीच्या दिवशी रूपाली सगळे गेल्यावरही बसून राहिली. मग तिने मोबाइल काढला. "काका, मावशीचा आवाज आयकता?"

सुमन तिला बोलून संदेश पाठवायची. एक नाही, दोन नाही, बोटाने वर सारत गेली तरी संपेनात. माझ्या मोबाइलमध्ये सुमनचा एकही नाही. एकाच घरात राहणाऱ्या माणसाला कोण आवाज पाठवतो? रूपालीने एक लावला.

"रूपा, थंडी वाढून राह्यली, स्वेटर घालजो. पाणी पेत जाजो, तहान नसली तरी. आणि अंग दुखलं तं लपवू नको बाप्पा..." मागून कुणीतरी विचारतं, चष्मा कुठे ठेवलास. सुमन म्हणते, "अहो, डोक्यावर पाहा." मग हसते आणि पुन्हा रूपालीशी बोलू लागते.

मागचा आवाज माझा होता.

"तुमाले पाठवू काय?" रूपालीने विचारलं. मी नको म्हटलं. ती गेल्यावर फार पस्तावलो.

महिनाभराने वैशालीचा फोन आला. वैशाली माझ्या हाताखाली शिकली, आता प्रयोगशाळा तीच सांभाळते. तिथे आता मोठं यंत्र आहे, त्याचे कंट्रोल तयार येतात. तरी शंका आली की पट्टी काढतात, शिवाय विद्यार्थ्यांना शिकवायलाही लागते. त्यासाठी सुमन निवृत्तीनंतरही अधूनमधून जाऊन रक्त देऊन येई.

"सर, फ्रीजर आवरत होते," वैशाली म्हणाली. "ताईंच्या बाकी कुप्या संपल्या. एकच उरली आहे, तीही वापरलेली. तळाला थेंबभर. टाकवत नाही."

मी म्हटलं, "टाकू नको. मी येतो."

मला काय करायचं होतं ते मी तिला सांगितलं. एक पट्टी घ्यायची आणि तिच्यावर फक्त सुमनला लावायचं. शेजारी कुणी नको. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या शेजारी धावली, त्यांच्या रेषा वाचता याव्यात म्हणून. एकदा एकटी धावू दे, आणि मी पाहीन. पट्टीवर कंट्रोल कधी एकटं लावायचं नसतं. त्याला काही अर्थच नसतो. हे मीच वैशालीला शिकवलं होतं. ती म्हणाली, "या सर."

मी पोहोचलो तेव्हा दारातल्या स्टुलावर रूपाली बसली होती. सुमन तिथेच बसायची. शेजारी एक मुलगा उभा होता, नितीन. त्यांचं जमलं होतं, पुढच्या आठवड्यात साखरपुडा. नितीनचं रक्त तपासायचं होतं, पण यंत्र बंद पडलं होतं आणि दुरुस्त करणारा माणूस आला नव्हता. नितीनची एकच पुढची रेषा असेल, तर त्यांची मुलं वाहक होतील, आजारी नाही. त्याची मागची रेषा निघाली, तर निम्मी भीती प्रत्येक लेकराला. रूपालीने स्वतः ठरवलं होतं, तसं निघालं तर ती नाही म्हणणार.

"मी दुसऱ्या वाहकाचं रक्त घेते कंट्रोलला," वैशाली घाईने म्हणाली. "वॉर्डात आहेत दोघंतिघं. सरांची पट्टी वेगळी."

रूपालीने माझ्याकडे पाहिलं. कुपीचं तिला कसं कळलं कोण जाणे.

"काका, मावशीचंच लावा ना."

मी चष्मा पुसायला घेतला.

"मले लय भेव लागून राह्यलं. मावशी बाजूले असली तं मी पाहू शकतो. नाई तं मले पट्टी पाह्यल्या जाणार नाई."

खरं सांगतो, मला तिचा राग आला. संदेश तिच्याकडे, अंगणातलं बोलणं तिच्याकडे, हसणं तिच्याकडे. माझ्याकडे एक थेंब होता आणि तोही तिला हवा होता. मी कुपी हातात घेतली. बर्फाने पांढरी झाली होती. कडेवर सुमनच्याच अक्षरात 'कंट्रोल' लिहिलं होतं. स्वतःचं नाव ती कधी लिहीत नसे.

मग मी हात धुतले आणि पट्टी भिजवायला टाकली.

नितीनचा नमुना लावला, रूपालीचा लावला. कडेला सुमन. लावताना ती किंचित तिरकी पडली. झाकण लावताना वैशालीने तारांवर नजर टाकली, लाल कुठे, काळी कुठे. मीही तिच्या तारा अशाच पाहत असे.

वीज सोडली. काही वेळाने लाल ठिपके सरकू लागले. रूपाली माझ्या खांद्यामागे येऊन उभी राहिली.

"काका, मावशी निंगाली काय?"

"निघाली. अर्धी पुढे, अर्धी मागे."

"तशीच करे ते. एक पाय घरात, एक पाय आमच्याकडं."

मी वळून तिच्याकडे पाहिलं. ती पेटीकडे पाहत होती. मला वाटायचं, माझ्या वाट्याला सुमनची मागची अर्धी आली. ही पोरगीही आयुष्यभर आमच्या दाराबाहेर थांबून घरातल्या अर्धीची वाट पाहत होती, असं मला तोवर वाटलं नव्हतं.

रंग धुतल्यावर नितीनची रेषा दिसली. एकच, पुढे. सुमनच्या पुढच्या रेषेच्या नेमकी ओळीत. रूपालीची मागे, सुमनच्या मागच्या रेषेच्या ओळीत. रूपाली मटकन खाली बसली आणि रडू लागली. नितीन तिच्या डोक्यावर हात ठेवावा की नको अशा विचारात उभा राहिला. मग तिने उठून मोबाइलवर पट्टीचा फोटो काढला. तोही आता तिच्याकडे आहे. पट्टी प्रयोगशाळेच्या फायलीत लागली. कुपी रिकामी झाली.

संध्याकाळी माझ्या मोबाइलवर काहीतरी वाजलं. रूपालीने तो चष्म्याचा संदेश पाठवला होता. मी नको म्हटलेलं तिने मानलं नव्हतं.

आमची मुलगी अनघा पुण्याला असते. सुट्टीत आली तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मग आता त्यांच्याकडे कंट्रोल नाही. मी आहे की वाहक. मी देते."

"काही गरज नाही," मी म्हणालो. "वॉर्डात पुष्कळ आहेत."

"आई देत होती ना?"

"म्हणूनच."

तिने ऐकलं नाही. आईवर गेली आहे. वैशालीने तिचं रक्त काढलं, मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. पहिल्या पट्टीवर अनघाला एकटीला लावायला मी वैशालीला सांगितलं. तिने या वेळी विचारलंही नाही, का म्हणून. वाळवलेली पट्टी तिने पाकिटात घालून माझ्या हातात दिली.

आता लोकांच्या पट्ट्यांच्या कडेला अनघा असते. ते मला आवडत नाही. शेजारी कोण कोण असतं, मी विचारत नाही.

माझ्याकडे आहे ती पट्टी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. तिच्यावर दोन रेषा आहेत. लेकराला एक वाटा आईकडून येतो, एक बापाकडून. पुढची रेषा माझी आहे, मागची सुमनची. दोन्हींच्या मधे तांदळाच्या दाण्याएवढी जागा आहे.